गिअरबॉक्स खोलण्याआधी

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बांधून देणारा मिस्त्री आज बहुतेक मोठ्या बाजारगावांत सापडतो. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा यांचा तयार संच दुकानात मिळतो, क्रँक घासून देणारे लेथवाले असतात आणि कामाची रीतही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. गिअरबॉक्सचे तसे नाही. ‘गिअरमध्ये काम निघालंय’ हे शब्द कानावर पडले की मालकाचा चेहरा उतरतो आणि मिस्त्रीही पुष्कळदा ‘चालतोय तोवर चालवा’ म्हणून वेळ मारून नेतो. मग एक दिवस भर हंगामात दात तुटतो, त्याचा तुकडा दुसऱ्या दोन गिअरांत जाऊन बसतो आणि एका बेअरिंगवर भागले असते ते काम अर्धा गिअरबॉक्स बदलण्यावर जाते.

ही पुस्तिका अशा जुन्या ट्रॅक्टरांसाठी आहे. मॅसीचा १०३५, महिंद्राचा बी-२७५, एचएमटीचा २५११, स्वराजची सुरुवातीची मॉडेल अशी कितीतरी यंत्रे आजही शेतात आहेत. कर्ज कधीच फिटलेले, इंजिन दोन-तीनदा बांधून झालेले, रंग उडालेला. पण पेरणीला आणि ट्रॉलीला रोज हजर. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये सेन्सर नाही, संगणक नाही, की नेहमीच्या हत्यारांनी आणि एखाद्या पुलरने उघडत नाही असे फारसे काही नाही. तरीही हे काम अवघड समजले जाते, कारण ते हाताच्या आधी डोक्याने करावे लागते.

पुस्तिकेचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. गिअरबॉक्समध्ये जो भाग तुटलेला सापडतो, तो बहुतेक वेळा मूळ दोषी नसतो. दात तुटला म्हणजे तो कुणीतरी तोडला. न सुटणारा क्लच, ढिले झालेले बेअरिंग, पाणी शिरलेले ऑइल, वाकलेला शिफ्टर फोर्क किंवा चालवणाऱ्याची सवय यांपैकी काहीतरी त्यामागे असते. नवा गिअर बसवून ट्रॅक्टर बाहेर काढला आणि कारण आत तसेच राहिले, तर नवा गिअरही जुन्याच्या वाटेने जातो. पुढची सगळी प्रकरणे हे कारण कुठे शोधायचे, याभोवतीच लिहिली आहेत.

आधी यंत्राची घडण. १९१७ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. त्याआधीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना लोखंडी चौकट असे आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस तिच्यावर बसवलेले असत. फोर्डसनला चौकटच नव्हती. इंजिन, गिअरबॉक्सचे घर आणि मागच्या डिफरन्शियलचे घर एकमेकांना बोल्टने जोडलेले, आणि ही ओतीव लोखंडाची घरे हाच ट्रॅक्टरचा कणा. यंत्र स्वस्त झाले, आटोपशीर झाले आणि पुढे शेतीच्या ट्रॅक्टरांत हीच रचना रूढ झाली. तिची किंमत मात्र दुरुस्ती करणाऱ्याला मोजावी लागते. ट्रकचा गिअरबॉक्स खालून सोडवून बाजूला घेता येतो. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स काढायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. त्यामुळे ‘जरा उघडून बघू’ ही सोय इथे नाही.

आपल्याकडच्या ट्रॅक्टरांचे कूळही लक्षात असलेले बरे, कारण सुट्या भागांचा शोध तिथूनच सुरू होतो. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनत होता. पाच लाखांहून जास्त नग बाहेर पडले. १९५६ साली त्याची जागा ‘३५’ या मॉडेलने घेतली. त्याआधीच, १९५३ साली, मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या एकत्र आल्या होत्या. म्हणून पुढे तो मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणून ओळखला गेला. मद्रासमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टाफेने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि आपल्याकडचा १०३५ त्याच घराण्यातला. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत कंपनी काढून बी-२७५ आणला. तो मूळचा इंग्लंडमधल्या कारखान्यातला. एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाचा झेटर पिंजोरमध्ये बनवला. स्वराजचा आराखडा मात्र दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत इथेच तयार झाला आणि १९७४ साली पंजाब ट्रॅक्टर्सने तो बाजारात आणला. कुळे वेगळी असली तरी आतले तत्त्व बहुतांशी एकच.

ते तत्त्व थोड्या हिशेबाने कळते. नांगरताना ट्रॅक्टर ताशी चारेक किलोमीटरने चालतो. मागच्या टायरचा घेर चार मीटरच्या आसपास धरला, तर चाक मिनिटाला सतरा फेरे घेते. इंजिन तेव्हा मिनिटाला दोन हजारांच्या जवळपास फिरत असते. म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत गती शंभरपटीहून जास्त उतरते आणि पीळ जवळजवळ तितक्याच पटीने चढतो. ही उतरण टप्प्याटप्प्याने होते: गिअरच्या जोड्या, त्यामागे हाय-लो, मग क्राऊन-पिनियन आणि काही ट्रॅक्टरांत शेवटी बुल गिअर. जितके मागे जावे तितका दातांवरचा भार वाढत जातो. पुढच्या शाफ्टवरचे गिअर बारीक आणि मागचे जाडजूड असतात ते यामुळेच. मॅसी ३५च्या गिअरबॉक्समध्ये पुढे जायचे तीन आणि रिव्हर्सचा एक असे चारच गिअर आहेत. त्यांच्या मागे छोट्या ग्रहगिअरांचा हाय-लो बसवला आहे. ‘लो’मध्ये तो गती आणखी सुमारे चौपट उतरवतो आणि चाराचे सहा पुढचे, दोन मागचे होतात. बी-२७५मध्ये आठ पुढचे आणि दोन मागचे आहेत.

या पिढीतल्या बहुतेक ट्रॅक्टरांत सरकते गिअर असतात. सरळ दातांचा गिअर शाफ्टवरच्या खाचांवरून सरकतो आणि समोरच्या गिअरच्या दातांत शिरतो. दोघांचा वेग जुळवणारी पितळी रिंग मध्ये नसते. म्हणून क्लच पूर्ण दाबून, ट्रॅक्टर थांबवून, शाफ्ट फिरायचा थांबल्यावरच गिअर टाकायचा असतो. हे पाळले नाही तर काय होते, ते काढलेल्या गिअरवर स्पष्ट दिसते. दाताची जी कड आधी आत शिरते, ती प्रथम बोथट होते. मग तिथले कण उडतात. नंतर दात पुढच्या टोकाला निमुळता होत जातो आणि निमुळत्या दातांची जोडी भार आला की एकमेकांना बाहेर ढकलू लागते. चालता चालता गिअर ‘उडतो’ तो असा. ड्रायव्हर मग लिव्हर हाताने दाबून धरतो. तो दाब शिफ्टर फोर्कवर येतो, फोर्कची टोके झिजतात आणि गिअर पूर्ण आत जाईनासा होतो. अर्धवट शिरलेल्या दाताला अर्ध्या रुंदीवर पूर्ण भार सोसावा लागतो. पुढची पायरी म्हणजे तुकडा.

आता ही साखळी मागे नेऊन पाहावी. गिअर टाकताना खरखर का होत होती? क्लच पूर्ण सुटत नव्हता. का सुटत नव्हता? पेडलची ढील नीट नव्हती, किंवा क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकत होती, किंवा फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग जाम होऊन शाफ्टला सोबत फिरवत होते. म्हणजे बाहेरून पाच मिनिटांत लावता येणारी पेडलची ढील बघितली नाही आणि शेवटी ट्रॅक्टर दोन भागांत करावा लागला. पुस्तिकेतले पहिले प्रकरण क्लचवर आहे, ते यासाठी. ज्या मॅसीला ड्युअल क्लच आहे तिथे पेडलच्या पहिल्या टप्प्यात चाकाची आणि दुसऱ्या टप्प्यात पीटीओची गती सुटते. तिथे तर ही जुळवणी अधिकच काटेकोर लागते.

दुसरे प्रकरण कानाने करायच्या तपासणीचे. पाना उचलण्याआधी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू ठेवावे. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर संशय वरच्या शाफ्टच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगवर. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग. चालताना एकाच गिअरमध्ये आवाज येतो, तर त्याच जोडीचे दात. सगळ्या गिअरांत येतो आणि चाकाच्या वेगाबरोबर चढतो, तर दोष मागच्या घरात. ओढताना एक सूर आणि उतारावर ट्रॉली मागून ढकलते तेव्हा दुसरा, असे असेल तर पिनियनची बेअरिंगे ढिली झाली आहेत किंवा क्राऊन-पिनियनचा मेळ बिघडला आहे. फक्त वळताना कटकट होत असेल, तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर. एवढी नोंद वहीत केली की ट्रॅक्टर पूर्ण उघडायचा की नुसते वरचे झाकण काढून भागेल, हे बरेचसे ठरते. गिअर उडण्याची तक्रार कधीकधी झाकणाखालच्या लॉकच्या गोळीची आणि थकलेल्या स्प्रिंगचीच असते.

तिसरी साक्ष ऑइलची. प्लग उघडून पहिले लिटरभर ऑइल स्वच्छ घमेल्यात घ्यावे आणि उन्हात बघावे. तळाशी करडी, गंधासारखी बारीक गाद असेल तर ती वयाप्रमाणे होणारी झीज. पापुद्र्यासारखे चमकते कण म्हणजे बेअरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. पिवळी चमक बूश किंवा थ्रस्ट वॉशर घासल्याची. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे झाले असेल तर पाणी शिरले आहे. ते कुठून शिरले, हे मालकाशी बोलल्यावर कळते. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर आसापर्यंत बुडत असेल तर सील तपासावे. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा राहत असेल तर गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून पाणी सरळ आत उतरलेले असते. त्या रबराच्या तुकड्याची किंमत चहा-नाश्त्याइतकी, आणि पाण्याने गंजलेल्या बेअरिंगांची किती, ते दुकानदार सांगतो.

ऑइलच्या बाबतीत एक प्रघात इथेच खोडून काढायला हवा. आवाज करणाऱ्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरऐवजी एकशेचाळीस नंबर ऑइल टाकून आवाज दाबायचा, ही जुनी युक्ती. मॅसी ३५च्या रचनेत लिफ्टचा हायड्रॉलिक पंप मागच्या घरात त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घट्ट ऑइल थंडीत पंपाला नीट ओढता येत नाही आणि लिफ्ट जड होते. म्हणजे एका दुखण्यावर पडदा टाकून दुसरे विकत घ्यायचे. तसेच डब्यावरचा जीएल-५ हा आकडा जीएल-४पेक्षा मोठा म्हणून ऑइल जास्त चांगले, असे होत नाही. जीएल-५ मधली काही रसायने जुन्या पितळी-काशाच्या बूशांना मानवत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली प्रतच वापरावी.

मग येते ट्रॅक्टर वेगळा करण्याचे प्रकरण. ते सर्वांत सविस्तर लिहिले आहे, कारण माणूस दुखावतो तो इथे. बॅटरी सोडणे, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, स्टिअरिंगचे रॉड काढणे ही तयारी सगळ्यांना ठाऊक असते. विसरली जाते ती पाचर. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका पिनेवर झुलता असतो. ट्रॅक्टर जोडलेला आहे तोवर मागची चाके त्याला उभे धरून ठेवतात. मधले बोल्ट सुटले की इंजिनाचा भाग त्या पिनेवर कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. म्हणून आस आणि त्यावरची बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, गिअरबॉक्सखाली भक्कम घोडा, आणि जॅक फक्त उचलण्यासाठी; त्याच्या भरवशावर खाली शिरायचे नाही.

परत जोडताना उलटी अडचण येते. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत बसला नाही तर दोन घरांमध्ये बोटभर फट राहते. अशा वेळी बोल्ट आवळून फट मिटवायचा मोह होतो. त्यात प्लेटचा मधला हब फुटतो किंवा ओतीव घराचा कान तुटतो. फ्लायव्हील हाताने थोडे थोडे फिरवत राहिले की खाच जुळते आणि दोन्ही घरे हाताच्या जोराने मिळतात. बोल्टचे काम मिळालेली घरे धरून ठेवण्याचे.

भाग बदलण्याच्या प्रकरणात दोन गोष्टी मुद्दाम विस्ताराने सांगितल्या आहेत. पहिली बेअरिंगांची. गिअर ज्या त्या कंपनीचा असतो. बॉल बेअरिंग मात्र बहुधा जगभर एकाच मापपद्धतीचे. कड्यावर ६२०७ असे कोरलेले असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचे: आतले भोक ३५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ७२ आणि जाडी १७. हा नंबर वाचता आला की कुळाचा, कंपनीचा, सालाचा प्रश्न उरत नाही. इंग्लंडमध्ये घडलेल्या आराखड्यातले असे बेअरिंग लातूरच्या दुकानातही मिळते. फक्त नंबरापुढचे सी-३ सारखे अक्षरही उतरवून न्यावे, कारण ते आतल्या ढिलाईचे माप असते.

दुसरी गोष्ट क्राऊन-पिनियनची. ही जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवून घासलेली असते. एक नग खराब झाला तरी दोन्ही बदलायचे. नवी जोडी बसवली की पिनियनची खोली आणि दातांमधली ढील शिमने लावायची. ती बरोबर लागली का, हे बघायला क्राऊनच्या काही दातांवर तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावतात आणि जोडी हाताने फिरवतात. पिनियनचा ठसा दाताच्या मधोमध, लांबट उमटला तर मेळ बरोबर. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत, टोकाला गेला तर फार बाहेर. शिमची एक पातळ पत्री काढली-घातली की ठसा कसा सरकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. खरा शेंदूर शिशाचा असतो. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

तुटलेला दात वेल्डिंगने भरून कानशीने घासून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताला दाद द्यावी असे ते काम दिसते. पण गिअरच्या दाताला वरून एक कडक थर दिलेला असतो आणि आतला भाग चिवट ठेवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचाही तो थर मऊ पडतो. हंगामाच्या मध्यावर आठवडा काढायचा असेल तर ठीक. कायमची दुरुस्ती म्हणून हा मार्ग पुस्तिकेत दिलेला नाही. ज्या मॉडेलचे मूळ भाग बंद झाले, त्यांच्यासाठी राजकोट आणि लुधियानाला बनणारे पर्यायी गिअर मिळतात. ते घेताना दातांची संख्या, रुंदी आणि आतल्या खाचा जुन्या नगाशी लावून बघाव्यात. नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये.

शेवटचे प्रकरण यंत्राचे नसून वापराचे आहे. हे ट्रॅक्टर नांगराच्या मंद, एकसारख्या ओढीसाठी घडवले गेले. आपल्या ऊसपट्ट्यात त्यांच्यामागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लागतात. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गाळप हंगामात रोज रस्त्यावर दिसणारे हे दृश्य गिअरबॉक्सच्या दृष्टीने सर्वांत कठीण परीक्षा आहे. चढावर मोठ्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडणे, अर्ध्या क्लचवर रेटणे, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणे आणि खाली आल्यावर धावत्या गाडीत गिअर ठोकणे या सवयींच्या खुणा आत जशाच्या तशा उमटलेल्या असतात. न्यूट्रलमध्ये तर इंजिनाची रोखही जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे प्रश्न गिअरचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी ड्रायव्हर हजर असावा, काढलेला गिअर त्याच्या हातात द्यावा आणि कुठली कड का गेली ते त्याला दाखवावे. मालकाला दिलेल्या बिलापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

काही ठिकाणी दुरुस्ती करू नये, असेही पुस्तिका सांगते. बेअरिंगच्या बैठकीतून घराला तडा गेला असेल, किंवा बैठकच इतकी झिजली असेल की नवे बेअरिंग हाताने आत जाते, तर आतले भाग कितीही नवे घातले तरी शाफ्ट सरळ राहणार नाही. तिथे दुसरे घर शोधावे, नाहीतर ट्रॅक्टर भंगारात देताना चांगले गिअर काढून ठेवावेत. सिंक्रोमेश आणि पॉवर शटलचे नवे गिअरबॉक्स इथे घेतलेले नाहीत. त्यांची रीत वेगळी आहे.

मिस्त्रींना एकच आग्रहाची विनंती. गिअरबॉक्स बांधून ट्रॅक्टर दिला की काम संपले असे धरू नका. साधारण पन्नास तासांच्या कामानंतर तो पुन्हा बोलवा, गरम असतानाच ऑइल काढा आणि पातळ कापडातून गाळा. सुरुवातीची थोडी करडी गाद ठीक. पण कापडावर पुन्हा चमकते पापुद्रे दिसले, तर आपण भाग बदलला आणि कारण आतच राहिले, एवढे समजून पहिल्या प्रकरणापासून पुन्हा तपासायला लागा. तेव्हा फार तर एक बेअरिंग गेलेले असेल.